आबांची कबुली

याकोबनं सायकल दाराशी आडवी टाकली आणि धापा टाकत म्हणाला, "सुवार्ता, फादर मिळाले."

मी आबांच्या ओठांवरून ओलं फडकं फिरवत होते. मान वळवून पाहिलं तर दारात एक तरुण उभा. अंगात पांढरा झगा, खालून धुळीनं तांबूस झालेला, काखेत कापडी पिशवी. त्यानं आत येण्याआधी चपला काढल्या. फादर लोक आमच्याकडे चपला काढत नसत, आम्हीच काढू देत नसू. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

"सलाम फादर," मी म्हटलं.

तो नुसता आबांकडे बघत राहिला.

आमच्या वाघदरीच्या मिशनात त्या वर्षी फादरच नव्हते. म्हाताऱ्या फादरांना नाताळानंतर अर्धांगाचा झटका आला, त्यांना पुण्याला नेलं. नवे येणार, येणार असं नुसतं कानावर यायचं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तरी चर्चला कुलूप. आणि इकडे आबा अंथरुणाला खिळलेले. अन्न तुटलेलं, पण शुद्ध पुरती. दिवसातून दहा वेळा एकच विचारायचे, "फादर आले का?" शेवटी माझा भाऊ याकोब तालुक्याला जायला म्हणून फाट्यावर गेला. तिथं एस.टी. थांबलेली आणि हापशावर झगा घातलेला हा माणूस पाणी पीत होता. याकोबनं त्याचे पायच धरले. "फादर, आमचे वडील चालले." त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा याकोबकडे. गाडी निघून गेली आणि तो सायकलच्या कॅरियरवर बसला.

"आबा, फादर आलेत," मी कानाशी म्हटलं.

आबांनी डोळे उघडले. झगा दिसला तसे ते उठायला धडपडू लागले. "कबुली द्यायचीय मला. तुम्ही सगळे बाहेर जा."

"आबा, पडून बोला."

"बाहेर जा, सुवार्ता."

कबुली या शब्दानं मला काय वाटलं ते सांगायचं तर सलोमीचं सांगायला हवं.

सलोमी आमची थोरली बहीण. गावातल्या बर्णबा अण्णांच्या योहानशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. एका सकाळी आबा तिला कपडे घ्यायला म्हणून बाजाराला घेऊन गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. आईनं विचारलं, "पोर कुठंय?" आबा म्हणाले, "गेली." त्यापलीकडे त्यांनी कधी एक अक्षर उच्चारलं नाही. आईला नाही, पोलिसांना नाही, बर्णबा अण्णांनी गळपट्टी धरली तेव्हाही नाही. कालवा धुंडाळून झाला, विहिरी उपसून झाल्या. कुणी म्हणायचं कुण्या ड्रायव्हरबरोबर पळाली आणि बापानं पळू दिली. कुणी म्हणायचं बापानंच तिचं बरंवाईट केलं. योहान गाव सोडून गेला तो कधी आलाच नाही. आई विचारत विचारत मेली. मी तेव्हा शाळेत होते. पुढे मिशनच्या बालवाडीत शिकवायला लागले, तिशी उलटली, पण आबांच्या, म्हणजे लाजरस त्रिभुवनच्या, दाराला कुणी सोयरीक घेऊन आलं नाही.

आबा दर रविवारी चर्चला यायचे. शेवटच्या बाकावर बसायचे. प्रसाद घ्यायला सगळे रांगेनं पुढं जायचे, तेव्हा ते खाली मान घालून जागेवरच. म्हातारे फादर एकदा त्यांच्यापाशी येऊन थांबले होते. आबा म्हणाले, "आज नको फादर." ते 'आज' सगळी वर्षं चाललं.

आम्ही बाहेर आलो. दार लोटलं गेलं. मी लिंबाखाली बसले, याकोब अंगणात फेऱ्या मारू लागला. शब्द काही ऐकू येत नव्हते. मग एक आवाज आला. आधी मला वाटलं कोंबडं घशात काही अडकून ओरडतंय. ते आबांचं रडणं होतं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. फादर बाहेर येऊन ओट्यावर बसले. "पाणी द्या ताई." तांब्या तोंडाला लावला तर अर्धं पाणी झग्यावर सांडलं.

"झालं?" याकोबनं विचारलं.

"झालं."

"सलोमीचं बोलले? काय म्हणाले?"

कबुलीतलं फादर कधी बाहेर काढत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. याकोबलाही ते ठाऊक होतं. पण फादरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ध्यानात त्याच क्षणी आली.

"ते झोपतील आता," ते म्हणाले. "उठले की काहीतरी खायला द्या."

आबा दिवेलागणीला उठले. मी तांदळाची पेज केली होती. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "सलोमीला पेजेत मीठ जास्त लागायचं." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. ती गेल्यापासून आबांनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर निरोप घ्यायला आले. फिलिप नाव सांगितलं त्यांनी. आबांनी त्यांचा हात धरला. "उद्या याल ना?"

त्यांनी काखेतली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "येईन."

असे ते राहिले. मिशनचा बंगला उघडला, लोकांनी शेर-मापटं धान्य आणून टाकलं, कुणी घोंगडी दिली. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करा म्हटलं की ते काहीतरी कारण काढायचे. कधी वेदीचं कापड धुवायला टाकलंय, कधी डोकं दुखतंय. पण बालवाडीत येऊन पोरांना गाणी शिकवायचे. गळा फार गोड होता. म्हाताऱ्यांच्या खाटेवर बसून त्यांचं रडगाणं ऐकायचे. आणि रोज उन्हं कलली की आमच्याकडे. आबा आणि ते समोरासमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत. बोलत फारसे नसत. आबा दाणे त्यांच्या ओंजळीत टाकत आणि ते आपल्या तोंडात न टाकता वाटीत ठेवत, माझ्यासाठी.

एकदा मी त्यांना विचारलं, "फादर, तुमच्या घरी कोण कोण?"

"आता कुणी नाही," ते म्हणाले आणि टरफलं गोळा करायला लागले.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला तेव्हा मात्र बर्णबा अण्णा ऐकेनात. ते चर्चचे पंच. "फादर, सणाला मिस्सा नाही असं वाघदरीत कधी झालं नाही." मग त्यांनी मिस्सा केली. पुस्तकातली ओळ न् ओळ इतकी सावकाश वाचली की जणू दुसऱ्याची वस्तू हाताळताहेत. प्रसादाची भाकर वर उचलली ती किती वेळ खाली आणलीच नाही. माणसं खाकरायला लागली. त्यानंतर दिना नावाच्या शेजारणीच्या तान्ह्या पोराचा बाप्तिस्मा झाला, आणि मग कबुलीला रांग लागली. निम्मं गाव त्या दिवशी जाळीच्या पलीकडे बसून मन मोकळं करून आलं. बर्णबा अण्णासुद्धा बराच वेळ आत होते, आले ते डोळे पुसत. मी गेले नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं.

आबांना याकोबनं पाठुंगळीवर आणलं होतं. प्रसादाच्या वेळी त्यांनी शेवटच्या बाकावरून हात वर केला. फिलिप फादर वेदीवरून खाली उतरून सगळं चर्च ओलांडून त्यांच्यापाशी गेले. आबांनी तोंड उघडलं, लहान पोरासारखं. माणसं वळून वळून बघत होती.

बुधवारी आबा गेले. शांत गेले. फिलिप फादरांनीच माती दिली.

गुरुवारी सकाळी धुरळा उडवत मोटारसायकल आली, तिच्यावरून फादर कुटिन्हो उतरले. वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा. आमच्यावर नेमलेले खरे फादर ते. बंगल्याच्या व्हरांड्यात फिलिप झाडत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी बालवाडीच्या दारातून बघत होते, मधे फक्त पटांगण.

"पारखे?" कुटिन्हो म्हणाले. "तू इथं? हा झगा कसला?"

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "मी फादर नाही," तो म्हणाला. कुटिन्होंना नाही, आमच्याकडे तोंड करून. अण्णा होते, दिना होती, पाच-सात जण आबांच्या कबरीवर ठेवायची फुलं घेऊन निघाले होते. "मी सेमिनरीत होतो. मला काढून टाकलं. मी फादर नाही."

सेमिनरी म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेतात ती शाळा. कुटिन्हो तिथं शिकवायचे. नंतर कळलं, त्याला घरी पाठवणारे तेच.

बातमी वणव्यासारखी पसरली. बाप्तिस्म्याचं काय, मातीचं काय, हे लोक मागाहून बोलले. आधी प्रत्येकाला धसका बसला तो एकाच गोष्टीचा. आपण याला काय काय सांगून बसलो! दोघातिघांनी त्याला धरून माझ्या बालवाडीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कुलूप घातलं. एक जण पोलिस आणायला तालुक्याला गेला. कुटिन्होंना दिना ओढतच आपल्या घरी घेऊन गेली, पोर पदराखाली धरून.

किल्ली माझ्याकडे होती, खोली माझी म्हणून. दुपारी मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले.

तो पोरांच्या बसकरावर भिंतीला टेकून बसला होता. झगा काढून घडी करून बाजूला ठेवलेला. सदऱ्यात तो अगदीच कुणीतरी वाटत होता, कुणाचाही भाऊ.

"खा," मी म्हटलं.

"तुम्हाला त्रास."

मी समोर बसले. "तू फादर नाहीस."

"नाही."

"म्हणजे आबांनी दिली ती कबुलीच नव्हे. तुझ्यावर कसलं बंधन नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाला काही सांगितलं, एवढंच."

त्याला कळलं मी कुठं चालले ते. त्यानं भाकरी ताटलीत ठेवली.

"सलोमी जिवंत आहे का, एवढंच सांग. बाकी काही नको."

तो घडी केलेल्या झग्याकडे बघू लागला.

"तोंडानं नको सांगू. मान हलव."

"ताई, मी फादर नाही हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला काही सांगितलंच नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं. मी नुसता मधे बसलो होतो."

"मी त्यांची मुलगी आहे. ती माझी बहीण आहे."

"हो."

"आई या एका गोष्टीपायी मेली. माझं आयुष्य तिथंच थांबलंय. तुला दया नाही येत?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पुसलंही नाही त्यानं. "मी पहिल्याच दिवशी निघून जायला हवं होतं," तो म्हणाला. "पण ऐकून झाल्यावर जाता येईना."

मी उठले. दार लावताना माझा हात किल्लीवर किती वेळ होता कोण जाणे. लावलं मी कुलूप. मला तेव्हा त्याचा राग आला होता, असा राग मला आबांचाही आला नव्हता.

चार वाजायच्या सुमाराला लोक जमले. बर्णबा अण्णांनी कुलूप काढायला लावलं आणि त्याला ओसरीवर आणलं. अण्णा थकले होते. योहान त्यांचा एकुलता एक.

"पोरा," ते म्हणाले, "आम्ही तुला पोलिसात देत नाही. गाडीभाडं देऊन वाटेला लावतो. फक्त लाजरसनं काय सांगितलं तेवढं बोल. त्यानं माझी सून काय केली? माझा पोरगा तिच्यापायी देशोधडीला लागला. मला कळू दे."

याकोब पुढं झाला. "सांग. आम्ही तिची माणसं आहोत. आमचा हक्क आहे."

फिलिपनं मान हलवली, नाही.

याकोबनं त्याच्या थोबाडीत दिली. तो भिंतीवर आदळला, सावरून पुन्हा उभा राहिला. मी जोत्याशी उभी होते. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं आणखी एक मारावी आणि त्यानं बोलावं.

तेवढ्यात गर्दीतून आमच्या आळीतली सगुणाआजी म्हणाली, "अरे बर्णबा, आज लाजरसचं वदवलंस तर उद्या तुझं वदवतील की. तूबी बसला होतास ना आत?"

जो तो आपापल्या पायांकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं.

पण अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. "माझं सांगू दे," ते म्हणाले. "इथंच, सगळ्यांदेखत सांगू दे. मला चालेल. पण लाजरसचं सांग रे बाबा." आणि तो ताठ म्हातारा त्या पोरासमोर हात जोडून उभा राहिला.

फिलिपच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं अण्णांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. "अण्णा, तुमचं नाही सांगणार," तो म्हणाला. "त्यांचंही नाही."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. अण्णांना नाही म्हणताना त्याचा आवाज कापला नव्हता, पण माझ्याकडे बघून त्याला मान खाली घालावी लागली. आणि मला कळलं की हा माणूस आता मरेल, पण बोलणार नाही. माझ्या अंगातला राग कुठं गेला मलाच कळलं नाही. नुसतं रितं वाटलं, पोरं घरी गेल्यावर खोली वाटते तसं.

कुटिन्हो कधी येऊन मागं उभे होते कुणास ठाऊक. "त्याला कुणी काही विचारू नका," ते म्हणाले. त्यांचा चष्मा हातात होता.

पोलिसांची जीप आली. तो स्वतःच मागं जाऊन बसला. झगा माझ्या खोलीत घडी घातलेला तसाच राहिला, तो मी कुटिन्होंना नेऊन दिला.

ईस्टरनंतर कुटिन्होंनी समजावलं, बाप्तिस्मा ग्राह्य धरतात, पण कबुल्या पुन्हा द्याव्या लागतील. फार थोडे गेले. मग ते आमच्या घरी आले. "सुवार्ता, तुझ्या वडिलांच्या कबरीवर पापक्षमेची प्रार्थना करू या. ते बिचारे..."

"प्रार्थना करा फादर," मी म्हटलं. "पण क्षमा नका मागू. ती झालीय."

"बाळ, नियमानं ती झाली नाही."

"नियमानं नाही झाली, ठाऊक आहे मला."

याकोब ताडकन उठला. "हिला पटतंय, मला नाही पटत. तो चोर आमच्या बहिणीचं गुपित घेऊन गेला आणि ही त्याची कड घेते." कुटिन्हो थोडा वेळ बसले, चहा प्यायले, आबांच्या रिकाम्या खाटेवर क्रूसाची खूण केली आणि गेले. त्या पावसाळ्याच्या आधीच याकोब बायकोमुलांना घेऊन औरंगाबादला निघून गेला. माझ्याशी तो बोलेनासा झाला होता. बर्णबा अण्णा रस्त्यात दिसले की बाजूला होत. मी बालवाडीत शिकवायची, घरी यायची, एकटीपुरती पेज टाकायची. फिलिपवर कुणी तक्रार लिहूनच दिली नाही, म्हणून त्याला सोडल्याचं ऐकलं. कुठं गेला ते कळलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, मी बालवाडीतून निवृत्त झाल्यावर, श्रीरामपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. बाजूच्या रसवंतीत शिरले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. अर्धं टक्कल पडलेला एक माणूस उसाची कांडकी सोलत बसला होता.

"बर्फ टाकू का ताई?" त्यानं विचारलं.

त्या 'ताई'वरून मी ओळखलं. त्यानंही वर पाहिलं आणि कोयता खाली ठेवला.

रसाचा पेला माझ्यापुढं ठेवून तो समोरच्या बाकावर बसला. लग्न केलं नव्हतं त्यानं. दुकान भाड्याचं. बरंच इकडचं तिकडचं बोललो. अण्णा गेले, सगुणाआजी गेली.

"मला वाटलं तुम्ही विचाराल," तो म्हणाला.

"विचारलं तर सांगशील?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारत."

तो हसला, पण ते हसू लगेच विझलं. फडक्यानं बाक पुसत राहिला, पुसलेलाच पुन्हा पुसत राहिला.

"चर्चला जातोस?" मी विचारलं.

"जातो. मागं बसतो."

"पुढं का नाही जात?"

"कबुली दिल्याशिवाय कसा जाऊ? आणि कुणाकडे देऊ? फादरसमोर गुडघे टेकले की तोंड उघडत नाही." तो बाहेर उन्हाकडे बघत होता. "त्या दिवसाच्या आधीचंही आहे ताई. घरचं. झगा अंगावर का होता, तिथपासूनचं. माझं अजून कुणी ऐकलं नाही."

माझ्या गाडीची घोषणा झाली. आमच्या गावाकडे जाणारी दिवसातली शेवटची गाडी ती. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी वळून स्टँडबाहेर पडली.

"मी फादर नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"बोल मग."

त्यानं दुकानाचं अर्धं फळकूट लावून घेतलं. आधी अडखळत, मग सलग, तो बोलत राहिला. ऊन बाकावरून खाली उतरलं, भिंतीपाशी गेलं, तरी बोलत राहिला. मधे एकदा रडला. मी ऐकत राहिले.

त्यानं काय सांगितलं, ते माझ्यापाशी आहे.